एक्केचाळिसावी सही

'तटस्थ कृती' हे शब्द ज्याने शोधून काढले त्याच्या घरी मला एकदा जायचंय. तो जेवायला बसणार इतक्यात त्याच्या खालची खुर्ची ओढायची, आणि तो धपकन आपटला की म्हणायचं, "रागावू नका हं काका, ही तटस्थ कृती होती."

माझी आई, डॉक्टर हेस्टर होलरॉइड, अठरा महिने निलंबित होती. अंतरिम निलंबित. म्हणजे तिने काही चूक केली असं कोणीच म्हटलेलं नाही, फक्त चौकशी संपेपर्यंत तिने कोणाची नाडीसुद्धा बघायची नाही. डॉक्टरांची नोंदणी ज्या परिषदेच्या हातात असते तिच्या प्रत्येक पत्रात वरच लिहिलेलं असायचं की ही शिक्षा नव्हे, तटस्थ कृती आहे. दर सहा महिन्यांनी तीन माणसं टेबलाशी बसायची, फाईल उघडायची, 'निलंबन चालू ठेवावे' असं लिहायची आणि जेवायला जायची.

आमच्या हॅझलशॉमध्ये दवाखाना एकच. शाळेची बस रोज त्याच्यासमोरून जाते. आईच्या नावाची पाटी काढल्यावर तिथे स्क्रूची चार भोकं राहिली. दीड वर्ष मी रोज सकाळी आणि रोज दुपारी ती चार भोकं बघितली. तेवढी तरी बुजवायची होती ना कोणी!

आणि आई घरात बसून काय करायची? स्वयंपाकघरातले खण लावायची. लावून झाले की परत उपसायची. एकदा शेजारचे मिस्टर ऑल्डरसन कुंपणावरून हात पुढे करून म्हणाले, "डॉक्टरबाई, हे लाल लाल काय उठलंय बघा जरा." आईने हात मागे बांधले. खरोखर पाठीमागे बांधले, लहान मुलं दुकानात बांधतात तसे. "एकशे अकराला, हेल्पलाइनला फोन करा," ती म्हणाली आणि आत येऊन परत एक खण उपसला.

घडलं होतं ते एवढंच. गावापासून सात मैलांवर, वर माळावर, वॉल्टर सग्डन नावाचे एक्क्याऐंशी वर्षांचे मेंढपाळ राहायचे. एका फेब्रुवारीत ते आजारी पडले आणि आई त्यांना घरी बघायला गेली. वर माळावर फोनला रेंज नाही, लॅपटॉपवर दवाखान्याची फाईल उघडत नाही. त्यामुळे तिकडे जाणारा प्रत्येक डॉक्टर हाताला लागेल त्या कागदावर लिहितो आणि संध्याकाळी दवाखान्यात परतल्यावर ते संगणकात भरतो. मग तो कागद कातरणयंत्रात टाकतो, कारण रुग्णांची माहिती सुट्या कागदांवर पडून राहता कामा नये असा नियम आहे. तशी सूचना दवाखान्याच्या भिंतीवर लावलेलीच आहे, प्लास्टिकमध्ये घालून.

आईने लिहिलं होतं: न्यूमोनिया वाटतो, रुग्णालयात जाण्यास सांगितले, रुग्णाने नकार दिला. औषधं देऊन ती परत आली तेव्हा चार रुग्ण ताटकळत होते. त्यांना तपासून तिने नोंद भरली रात्री आठ चाळीसला. वॉल्टर गेले सहा वाजता. तो निरोप काउंटरवर चिठ्ठीत पडून होता, तो तिच्या हातात आला नऊला.

वॉल्टरचा पुतण्या क्लाइव्ह लीड्सला राहतो आणि वर्षातून एकदा, नाताळला, टर्की खायला यायचा. तो म्हणाला, काकांना रुग्णालयात जा असं कोणी सांगितलंच नाही, माणूस मेल्यावर बाईंनी ते रचून लिहिलं. संगणक म्हणाला, आठ चाळीस. आणि कागदाचा तर नियमानुसार भुगा झालेला.

आई पहिल्या दिवसापासून सांगत होती की त्या वेळी तिथे एक बाई हजर होती, वॉल्टरची देखभाल करायला यायची ती. तिला विचारा. त्या बाईचं नाव फाईलमध्ये होतं. मला मात्र माहीत नव्हतं, कारण मी काहीही विचारलं की आमच्या घरात उत्तर एकच मिळायचं: "तू शाळेकडे लक्ष दे."

सप्टेंबरात जाड पाकीट आलं. अठरा महिन्यांच्या पुढे निलंबन लांबवायचा अधिकार परिषदेला नाही, त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. परिषद गेली होती. आणखी बारा महिने मागत होती. सोबत एक फॉर्म होता: तुम्हाला हे मान्य असेल तर इथे सही करा, म्हणजे सुनावणीची गरजच नाही.

"बारा महिने!" मी ओरडले. "अठरा महिने काय केलं त्यांनी? अंडी उबवली?"

"टॅमसिन, आवाज."

"अंडी उबवली असती तर एव्हाना कोंबड्या निघाल्या असत्या," बाबा टोस्टला लोणी लावत म्हणाले. बाबा सहलीच्या बस चालवतात, आणि प्रवाशांना झोप लागू नये म्हणून विनोद करायची त्यांना सवय आहे.

"नेव्हिल, तू तिला चढवू नकोस."

"मी कुठे चढवतोय? ती वरच बसलीय."

"तू सही करणार नाहीस ना?" मी विचारलं.

आई फॉर्मकडे बघत राहिली. "मिस लॅटिमर म्हणतात सगळेच करतात." मिस लॅटिमर म्हणजे आईच्या वकील. "भांडायला गेलं की आपण अडेलतट्टू दिसतो. आणि न्यायाधीश बहुतेक वेळा मुदत देतातच."

"म्हणजे चूक नसताना बरं म्हणायचं?"

"तू शाळेकडे लक्ष दे."

तिने फॉर्म फळांच्या भांड्याखाली सरकवला. केळी आणि सफरचंदांच्या खाली एक वर्ष.

आता माझंही ऐका. जूनमध्ये मी शाळांच्या वादविवाद स्पर्धेत जिंकले होते. मी, जी सातवीत हजेरीला 'यस मिस' म्हणतानासुद्धा पुटपुटायची! व्यासपीठावर तिसऱ्या मिनिटाला माझे गुडघे लटपटायचे थांबले, आणि ते आजपर्यंत परत लटपटलेले नाहीत. तेव्हापासून मला वाटायला लागलं होतं की नीट उभं राहून स्पष्ट बोललं तर जगात काहीही करता येतं. म्हणून मी कागदांवर चार रकाने आखले: नाव, पत्ता, सही, काय म्हणायचंय. वर लिहिलं, 'आम्हाला आमच्या डॉक्टर परत हव्यात.' आणि शनिवारी बाजारात चीजच्या गाडीशेजारी उभी राहिले.

अर्ध्या तासात रांग लागली. खोटं नाही सांगत, रांग!

"तुझ्या आईने माझा गुडघा वाचवला," एक आजी म्हणाल्या. "डावा. उजवा दुसऱ्या डॉक्टरने बघितला होता, तो बघ कसा झालाय."

"माझ्या कुत्र्याचं नाव लिहू का?" मिस्टर ऑल्डरसन म्हणाले. "त्यालाही ती आवडते."

"कुत्र्याला मतदानाचा अधिकार नाही, मिस्टर ऑल्डरसन."

"ज्यांना आहे त्यांच्यापेक्षा त्याला जास्त कळतं."

एक्केचाळिसावी सही केली मिसेस डोरीन पिकल्स यांनी. त्यांना कोण ओळखत नाही? लाल अनोरक, म्हणजे टोपीचं जाकीट, हातात ब्रास बँडच्या मदतीसाठी रॅफलच्या, म्हणजे सोडतीच्या, तिकिटांचं पुडकं, आवाज तर चर्चच्या घंटेला खाली बसवणारा. त्यांनी पेन घेतलं, जीभ दातांत धरली आणि लिहायलाच बसल्या.

"एवढीच जागा?"

"मागे लिहा ना."

"मागचं कोण वाचतंय, पोरी?" म्हणत त्यांनी कागद फिरवला आणि समासात बारीक अक्षरात उभं लिहीत गेल्या, खालपासून वरपर्यंत. मागचे लोक कुरकुरायला लागले. मी कागद परत घेतला आणि पुढच्याला दिला. काय लिहिलंय ते वाचलं नाही. रांग होती ना!

अडुसष्ट सह्या झाल्या. मी एक झकास पत्र लिहिलं, खाली पूर्ण नाव घातलं आणि सगळं रजिस्टर्ड पोस्टाने थेट परिषदेला पाठवून दिलं. आईला सांगितलं नाही. तिला आश्चर्याचा सुखद धक्का द्यायचा होता.

धक्का बसला. दहा दिवसांनी.

शाळेतून घरी आले तर आई टेबलाशी उभी होती. समोर न्यायालयाच्या कागदांचा गठ्ठा, आणि त्यात माझ्या सह्यांच्या कागदांच्या झेरॉक्स. तिने बोट ठेवून वाचून दाखवलं: "डॉक्टरांच्या कुटुंबीयाने चौकशीतील महत्त्वाच्या साक्षीदाराशी संपर्क साधून तिच्यावर दबाव आणल्याचे दिसते. हेही मुदतवाढीचे एक कारण आहे."

"मी? कोणावर दबाव?"

"डोरीन पिकल्स कोण आहे माहीत आहे तुला?"

"रॅफलवाल्या."

"वॉल्टरकडे होती ती, टॅम! त्या दिवशी, त्या खोलीत!" आईचा आवाज फाटला. "दीड वर्ष ती दिसली की मी रस्ता ओलांडते. पोस्टात ती रांगेत होती तर मी तिकिटं न घेता परत आले. साक्षीदाराशी एक शब्द बोलायचा नाही, मान हलवायची नाही, असं मला बजावलंय. आणि तू तिच्या हातात पेन दिलंस!"

गप्प बसायला हवं होतं. पण तोंड माझंच.

"मग मला सांगायचं होतंस!"

"तुला? तुझ्या पोटात कधी काही राहिलंय?"

"शाळेकडे लक्ष दे, शाळेकडे लक्ष दे! एकदा नाव सांगितलं असतंस तर गेले असते का मी तिच्याकडे? तुला वाचवायला गेले होते मी!"

"वाचवलंस! छान वाचवलंस!"

बाबांनी उकळती किटली बंद केली. विनोद केला नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण किती गंभीर आहे.

मला रडायचं नव्हतं म्हणून मी ती झेरॉक्स उचलली. एक्केचाळीस. समास. प्रत फिकट होती, अक्षरं मुंग्यांसारखी. मी कागद आडवा धरला आणि खिडकीजवळ नेला.

"आई," मी म्हटलं, "हे वाच."

"मला नाही वाचायचं."

"वाच म्हणते ना!"

तिने चष्मा लावला. मिसेस पिकल्स यांनी लिहिलं होतं: 'मी तिथेच होते. कागद मीच दिला, मेंढ्यांच्या खाद्याच्या बिलाचा. डॉक्टरबाई म्हणाल्या रुग्णालयात चला, दोनदा म्हणाल्या. वॉल्टर म्हणाला मेंढ्या कोण बघणार. बाईंनी ते लिहिलेलं मी बघितलं. मला आजवर कोणी काही विचारलं नाही.'

आईने ते दोनदा वाचलं. मग गठ्ठ्यातून परिषदेचं एक जुनं पत्र काढलं, गेल्या नोव्हेंबरातलं. 'साक्षीदाराने देखभाल सेवेची एजन्सी सोडली आहे. शोध सुरू आहे.'

"शोध?" मी म्हटलं. "ती लाँड्रीच्या वर राहते! दाराला पिवळा रंग आहे! दर शनिवारी ती अख्ख्या गावाला ओरडून तिकिटं विकते! कुठे शोधतायत, चंद्रावर?"

आईने फळांचं भांडं उचललं, फॉर्म काढला आणि चार तुकडे करून केरात टाकला.

"तुझ्यावर रागच आहे मला, कळलं? चांगला सणकून राग आहे," ती म्हणाली. "पण मी इथे सही केली तर 'दबाव आणला' हे वाक्य जन्मभर तसंच राहील. तुझ्या नावापुढे. ते मी राहू देणार नाही."

मिस लॅटिमरना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी समासातलं सगळं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण मुलीला म्हणावं, तोंड बंद."

सुनावणी मँचेस्टरला होती, सातव्या मजल्यावर. मला वाटलं होतं मोठं दालन असेल, कोणीतरी हातोडा आपटेल. होती एक छोटी खोली, पाण्याचे जग आणि गरगर आवाज करणारा हीटर. मी आणि बाबा मागे बसलो. न्यायमूर्ती म्हणजे पांढऱ्या आखूड केसांच्या एक बाई होत्या. त्यांनी कोणाकडे बघून हसायचं नाही अशी शपथच घेतली असावी. परिषदेचे वकील मिस्टर पेनहॅलो उंच, किडकिडीत आणि इतके सभ्य की त्यांचा राग करताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. मला झालं नाही.

"आरोप अप्रामाणिकपणाचा आहे, महोदया," ते म्हणाले. "आणि त्यात हा साक्षीदाराशी संपर्क."

न्यायमूर्तींनी माझे कागद उचलले. "हा प्रकार मला अजिबात आवडलेला नाही," त्या म्हणाल्या. "हेतू काहीही असो. साक्षीदाराकडे कोणीही जाता कामा नये. हे घरी नीट समजावून सांगितलं गेलं पाहिजे."

आईची मान ताठ होती. माझे गुडघे, जे जूनपासून लटपटले नव्हते, ते लटपटायला लागले. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरला, गाडीचा ब्रेक दाबावा तसा.

"मिस्टर पेनहॅलो, या बाई तुमच्या महत्त्वाच्या साक्षीदार?"

"होय, महोदया."

"यांचा जबाब कधी घेतला?"

कागद चाळले गेले. खूप चाळले गेले. "त्यांच्या एजन्सीला पत्र पाठवलं होतं, महोदया. त्यांनी ती एजन्सी सोडल्याचं समजलं."

"कधी समजलं?"

"नोव्हेंबरात."

"आता ऑक्टोबर आहे."

"होय, महोदया."

"मग?"

"शोध सुरू आहे, महोदया."

मी तोंडावर दोन्ही हात दाबून धरले.

"तुम्हीच जोडलेल्या या कागदावर त्यांचा पत्ता आहे," न्यायमूर्ती म्हणाल्या. "एका शाळकरी मुलीला तो एका सकाळीत मिळाला. बाजारात. समासात या बाईंनी काही लिहिलंय, ते तुम्ही वाचलंत?"

मिस्टर पेनहॅलो कागदावर वाकले. "प्रत जरा फिकट आहे, महोदया..."

"कागद आडवा धरा."

त्यांनी आडवा धरला. वाचता वाचता त्यांचे कान लाल होत गेले, वरून खाली.

मग मिस लॅटिमर उठल्या, दहा मिनिटं बोलल्या, आणि त्यातलं निम्मं न्यायमूर्तींनी आधीच म्हटलेलं होतं. निर्णय न्यायमूर्तींनी तिथेच दिला. कोण खरं आणि कोण खोटं हे ठरवणं माझं काम नाही, त्या म्हणाल्या. समासातली ओळ म्हणजे शपथेवरचा जबाब नव्हे. आरोप गंभीर आहे, म्हणून निलंबन आज उठवता येत नाही. पण ज्या साक्षीदाराला अकरा महिन्यांत कोणी भेटलं नाही तिला भेटायला आणखी बारा महिने लागतात हे मला पटत नाही. दबावाचा कोणताही पुरावा माझ्यासमोर नाही. तीन महिने. त्याहून एक दिवस जास्त नाही.

बाहेर आल्यावर मिस लॅटिमरनी आईचा हात हातात घेतला. "जिंकलो आपण!"

"म्हणजे आई सोमवारपासून कामावर?" मी विचारलं.

"नाही, तसं नाही. तीन महिने निलंबन आहेच. मग बहुधा..."

"मग जिंकलो काय? ती चूक त्यांची, अकरा महिने झोपले ते, आणि घरी बसणार आई? त्यांना कोणी निलंबित करत नाही, तटस्थपणे?"

"टॅम," बाबा म्हणाले. "लिफ्ट."

लिफ्टमध्ये आई आकडे बघत होती. सात, सहा, पाच. चेहरा तसाच, अठरा महिन्यांचा. खाली रस्त्यावर आलो, ट्राम गेली, आणि आई फुटपाथवर थांबली.

"अकरा महिने," ती म्हणाली. "एक कागद आडवा धरायला."

आणि मग माझी आई, जिने हॅझलशॉमध्ये कधी कोणाला रागाने साधं 'अरे'सुद्धा म्हटलं नाही, तिने हातातली फाईल कचऱ्याच्या डब्यावर आपटली. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक वेळी एक शिवी, आणि त्या शिव्या तिला कुठून माहीत होत्या देव जाणे. कबुतरं उडाली. एक माणूस रस्ता ओलांडून पलीकडे गेला.

"ही कोणाकडून शिकली?" बाबा मला हळूच म्हणाले.

"मेंढपाळांकडून," आई म्हणाली. धापा टाकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. "तुझ्यावरचा राग संपलेला नाही हं माझा."

"माझाही नाही. तुझ्यावरचा."

"ठीक आहे." तिने फाईलचा वाकलेला कोपरा सरळ केला. "यापुढे सगळं सांगेन. पण तू गप्प बसायचं."

परवाच्या शनिवारी आम्ही दोघी बाजारात गेलो. फुलकोबी घ्यायची होती. आणि फुलकोबीच्या गाडीपाशी लाल अनोरक.

आईने माझं कोपर धरलं आणि आम्ही वळलो. पण मिसेस पिकल्स यांनी आम्हाला बघितलं होतं. त्यांनी आमच्याकडे पाठ केली, एक फुलकोबी दोन्ही हातांत उचलली आणि तिच्या तोंडाशी तोंड नेऊन अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "मी तुझ्याशी बोलतेय हं, दुसऱ्या कोणाशीही नाही! मंगळवारी येतायत ते परिषदवाले! दोघं जण! चहा देईन, पण केक नाही करणार मी त्यांच्यासाठी!"

"डोरीन," भाजीवाला म्हणाला, "विकत घेणार आहेस का तिला, की नुसतीच ओळख वाढवतेस?"

लोक हसले. माझ्या तोंडात इतकी वाक्यं गोळा झाली होती की दात दुखायला लागले. मला धावत जाऊन त्या बाईला मिठी मारायची होती. मला विचारायचं होतं, दोनदा म्हणाली ना माझी आई? दोनदा? आईची बोटं माझ्या कोपरात रुतली होती, म्हणजे तिलाही विचारायचं होतं.

आम्ही रस्ता ओलांडला. पलीकडच्या गाडीवर फक्त गाजरं होती. आई म्हणाली, "दोन किलो द्या." आमच्या घरी गाजरं कोणालाच आवडत नाहीत. आणि अजून बारा शनिवार बाकी आहेत.